जिल्ह्याचा अंदाज आणि आपला उंबरा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांना आज इथे बसलेल्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. मी त्यांच्याकडे चौथीपर्यंत शिकलो. शाळेच्या ओसरीवर एक फळा असायचा. त्यावर सुविचार नसायचा. डाव्या कोपऱ्यात वार आणि तिथी, आणि खाली मोठ्या अक्षरांत भरतीच्या दोन वेळा. मासळीला जाणारे, मिठागरावर कामाला निघालेले, खाजणातल्या भाताच्या बांधाची काळजी असलेले, सगळे येता-जाता त्या फळ्यावर नजर टाकून पुढे जायचे.

गुरुजींकडे भरतीचं छापील कोष्टक नव्हतं. त्यांच्याकडे पाऊणकीचा पाढा होता. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पाणी भरलेलं. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पुनव-अवसेला दुपारी बारा आणि रात्री बारा, आणि तेव्हा उधाण. पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे होत, आणि आपल्या खाडीत आत पाणी चढायला किनाऱ्यापेक्षा थोडा उशीर लागतो, तेवढं ते मनात धरायचे. कोकणात हा हिशेब कितीतरी पिढ्या चालत आला आहे. गुरुजींनी तो शोधला नाही. त्यांनी केलं ते एवढंच की तो रोज सकाळी, सगळ्यांना दिसेल अशा जागी, न चुकता लिहिला.

आज मला आपल्याशी उन्हाळ्याच्या हवामान अंदाजाविषयी बोलायचं आहे. ऊन, वळवाची वादळं आणि अचानक चढणारं पाणी या तिन्हींविषयी. फळ्याची आठवण मी सुरुवातीलाच काढली, कारण गेल्या वीस वर्षांत आपल्या आसपास जे घडलं ते तपासताना मी पुन्हा पुन्हा त्या फळ्यापाशीच येऊन थांबलो. अंदाज आता पुष्कळ येतात, आणि चांगले येतात. पण जिल्ह्यासाठी आलेला अंदाज आपल्या उंबऱ्यापर्यंत आणणारा हात मधल्या काळात नाहीसा झाला.

आधी अंदाज म्हणजे काय ते पाहू. भारतीय हवामान विभाग 1875 साली स्थापन झाला. 1886 च्या जूनमध्ये हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाच्या आधारे पावसाळ्याचा पहिला अधिकृत दीर्घ पल्ल्याचा अंदाज दिला. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असं त्यांच्या निरीक्षणात आलं होतं. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे आपल्या मॉन्सूनशी जोडून पाहिले. 1988 मध्ये आपल्या वसंत गोवारीकरांनी सोळा घटकांचं प्रारूप मांडलं. गावोगावच्या शेतकऱ्याच्या तोंडी हवामानशास्त्र पोचलं ते त्या काळात. ते प्रारूप बरीच वर्षं चाललं आणि 2002 च्या जुलैत अडलं. त्या महिन्यात देशभर सरासरीच्या जवळपास निम्माच पाऊस झाला आणि कुणालाच तो आधी दिसला नव्हता. त्यानंतर शास्त्रज्ञांनी पद्धत बदलली. चुकीची जाहीर कबुली देऊन पुन्हा कामाला लागणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उन्हाळ्याचा हंगामी अंदाज मात्र अगदी अलीकडचा. 2016 पासून हवामान विभाग एप्रिल ते जून या काळासाठी तो देतो. त्यात असतं काय? कुठल्या भागात दिवसाचं आणि रात्रीचं तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती, उष्णतेच्या लाटेचे दिवस नेहमीपेक्षा वाढतील का. हे सगळं शक्यतेच्या भाषेत आणि मोठ्या प्रदेशासाठी. अमुक तारखेला आपल्या महाप्याच्या नाक्यावर काय होईल हे तो सांगत नाही, आणि सांगू शकतही नाही. त्याच्या खालोखाल दोन आठवड्यांचा, मग पाच दिवसांचा, मग जिल्हावार रंगांचा इशारा, आणि अगदी शेवटी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा. प्रदेश लहान होत जातो, वेळ जवळ येत जाते, आणि खात्री वाढत जाते.

मराठीत आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांत मिसळतो. भाकीत, अंदाज आणि इशारा. भाकीत कुणी तरी वर्तवायचं आणि आपण ऐकायचं. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, तिथे हजारो शेतकरी जमतात. ती श्रद्धेची गोष्ट आहे. अंदाज हिशेबाचा असतो, त्यात चुकण्याची मोकळीक असते. इशारा या दोहोंपेक्षा वेगळा. तो कुणाला तरी उद्देशून असतो, आणि ज्याला उद्देशून असतो त्याने काहीतरी करायचं असतं. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग आपण पावसाची मापं समजतो. ती मापं नव्हेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज व्हा, लाल म्हणजे कृती करा. हे तिन्ही आज्ञार्थ आहेत. मोबाइलवर लाल चौकोन दिसला की आपण तो पुढे पाठवतो, आणि आपल्या हातून कृती झाली असं आपल्याला वाटतं.

आणि रंग जिल्ह्याला मिळतो. आपलं महापे ठाणे जिल्ह्यात. हा जिल्हा खाडीच्या चिखलापासून सुरू होतो आणि मुरबाड-शहापूरला सह्याद्रीच्या भिंतीला टेकतो. माळशेजच्या पायथ्याचं गाव आणि आपली एमआयडीसी यांना एकच पिवळा रंग. शेजारचं खारघर मात्र रायगडात, म्हणून त्याचा रंग वेगळा असू शकतो, आणि ढगांना ही हद्द ठाऊक नसते.

आता उन्हाकडे येतो. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

16 एप्रिल 2023, रविवार. खारघरच्या मोकळ्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा होता. लाखो माणसं राज्यभरातून आलेली, कित्येक जण आदल्या रात्रीच येऊन बसलेले. मान्यवरांच्या डोक्यावर मांडव होता, समोरच्या जनसमुदायावर नव्हता. सोहळा दुपारपर्यंत चालला. उष्माघाताने चौदा माणसं गेली. त्या दिवशी नवी मुंबईच्या परिसरात नोंदलेलं कमाल तापमान साधारण 38 अंश होतं.

38 अंश! चंद्रपूर किंवा अकोल्याचा माणूस एप्रिलमधल्या 38 ला उन्हाळा म्हणणारसुद्धा नाही. मग चौदा माणसं का गेली?

पहिली गोष्ट, तापमान मोजतात ते सावलीत. पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, आणि तापमापक तिच्या आत असतो. हवा खेळावी, पण ऊन थेट लागू नये, यासाठी ती पेटी. जगभर असंच मोजतात आणि ते बरोबरच आहे, नाहीतर एका ठिकाणच्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही. पण मैदानात बसलेला माणूस त्या पेटीत बसलेला नसतो. त्याच्या डोक्यावर सरळ ऊन, खाली तापलेली जमीन, चारी बाजूंना माणसांची दाटी आणि त्यामुळे वाराही नाही.

दुसरी गोष्ट घामाची. शरीराला थंड होण्याचा एकच मोठा मार्ग आहे, घाम येऊन वाळणं. विदर्भातल्या कोरड्या हवेत तो वाळतो. आपल्याकडे हवा आधीच बाष्पाने जड असते; घाम अंगावरून ओघळतो, पण वाळत नाही. ओघळलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. म्हणूनच हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशाला 40 अंश आणि किनारपट्टीला 37 अंश अशी वेगळी अट ठेवली आहे. त्याशिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढही लागते. त्या एप्रिलमधल्या दमट उष्म्याचा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाने लगेच अभ्यास केला. भारत आणि बांगलादेशात असा उष्मा येण्याची शक्यता हवामानबदलामुळे किमान तीस पटींनी वाढली आहे, असं त्यांना आढळलं.

आपल्या पट्ट्यात उन्हाची एक खास गोम आहे. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी वारा जमिनीकडून येतो, पूर्वेकडून, कोरडा आणि तापत जाणारा. दुपारकडे तो फिरतो आणि समुद्राकडून यायला लागतो, तेव्हा तापमान चढायचं थांबतं. ज्या दिवशी हा खारा वारा यायला उशीर करतो, त्या दिवशी मुंबईचा पारा चढत राहतो. 28 मार्च 1956 ला सांताक्रूझला 41.7 अंश नोंदले गेले, 17 मार्च 2011 ला 41.6. दोन्ही तारखा मार्चच्या आहेत हे ध्यानात घ्या. आपण घरात पंखे पुसून ठेवतो तो महिना. कंपन्यांमध्ये ताकाची आणि सरबताची सोय मे महिन्यात होते, तोवर पहिला मार येऊन गेलेला असतो, आणि पहिला मारच जास्त लागतो, कारण शरीर अजून सरावलेलं नसतं.

महाप्यात हे ऊन कुणाच्या वाट्याला येतं? मिलेनियम बिझनेस पार्कमधल्या काचेच्या इमारतीत बसणाऱ्याला ते जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं भेटतं. पण त्याच इमारतीच्या फाटकावर पत्र्याच्या केबिनमध्ये, बंद गळ्याच्या गणवेशात आणि बुटांत, बारा तास उभा असलेला वॉचमन आहे. ट्रकमधून गोणी उतरवणारा माथाडी आहे. दगडखाणीत, बांधकामावर, रस्त्याच्या खड्ड्यात डांबर ओतणारा आहे. गाडीवर पिशव्या बांधून शीळ रस्त्याने ये-जा करणारी डिलिव्हरीची मुलं आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीजवळ दुपारची पाळी करणारा आहे. त्याला बाहेरचं ऊन आणि आतली भट्टी अशी दोन्ही. आणि रात्री हे सगळे जिथे झोपतात, ती खोलीही पत्र्याचीच. रात्रीचं तापमान उतरलं नाही तर शरीराला दिवसाची भरपाई करायला वेळच मिळत नाही. म्हणून हंगामी अंदाजातला रात्रीच्या तापमानाचा नकाशा मी दिवसाच्या नकाशाआधी पाहतो.

माझ्या ओळखीतला एक मुलगा अशाच एका केबिनमध्ये काम करायचा. दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, दुपारी अडीच वाजता तो असंबद्ध बोलू लागला. सहकाऱ्यांना वाटलं, पिऊन आलाय. त्याला बाकावर झोपवून ठेवलं, वर पत्रा तापलेला. नशिबाने माल घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरने असा प्रकार आधी पाहिला होता. त्याने त्याला ओढत झाडाखाली नेलं, शर्ट काढला, टाकीतलं पाणी ओतलं, काखेत आणि मानेला बर्फ लावला, आणि कुणाला तरी 108 ला फोन करायला लावलं. मुलगा वाचला. त्याच्या मोबाइलवर त्या सकाळी उष्म्याचा इशारा आलेला होता. इशारा त्याला समजलाही होता. पण फाटक सोडून सावलीत जाण्याची परवानगी कुणाकडे मागायची, हे त्याला माहीत नव्हतं.

हे मी विसरू शकत नाही. खारघरनंतर राज्य सरकारने दुपारी बारा ते पाच उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण कार्यक्रम बंद ठेवता येतो तसं काम बंद ठेवता येतं का, आणि कुणाच्या शब्दावर? अहमदाबादेत 2010 च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा 1,344 जादा मृत्यू झाले होते. त्या शहराने 2013 मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. त्यात नवं यंत्र काहीच नव्हतं. अमुक तापमानाचा अंदाज आला की कोणत्या अधिकाऱ्याने कुणाला फोन करायचा, कोणत्या रुग्णालयाने काय तयार ठेवायचं, पाण्याची सोय कुठे करायची, हे आधी ठरवून कागदावर उतरवलेलं होतं. जीव वाचवणारी गोष्ट एवढी साधी असू शकते.

वादळाबद्दल थोडक्यात. वळीव आपल्याला नवा नाही. दिवसभर तापलेली जमीन, समुद्राकडचं बाष्प, वर थंड हवा, आणि मग ढग उभे चढत जातात. पाऊस पडायला लागला की त्याच्याबरोबर थंड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. पावसाआधी धूळ येते ती या वाऱ्याची. 13 मे 2024 ला दुपारनंतर मुंबई-ठाण्यावर असंच वादळ आलं. मी त्या वेळी शीळ रस्त्यावर होतो. भर दुपारी गाड्यांना दिवे लावावे लागले आणि तोंडात माती आली. त्या दिवशी मुंबई-ठाण्यासाठी वादळी वाऱ्याचा तात्कालिक इशारा दिलेला होता. घाटकोपरला छेडानगरजवळच्या पेट्रोलपंपावर काही माणसं त्याच वादळापासून आडोसा म्हणून थांबली होती. त्यांच्यावर जाहिरातीचा फलक कोसळला आणि सतरा माणसं गेली. त्या फलकाचं माप 120 फूट गुणिले 120 फूट होतं. परवानगी असते ती 40 गुणिले 40 ची. म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट, आणि वाऱ्याचा दाब क्षेत्रफळावर पडतो. इशारा वेळेत होता, विज्ञान बरोबर होतं. फलक मात्र कित्येक महिने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

आपल्याकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असे फलक, जुनी झाडं, शेडवरचे सैल पत्रे किती आहेत, हे कुणी मे महिन्याआधी चालत जाऊन मोजलं आहे का? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप फुकट उपलब्ध केलं आहे. आदिवली-भुतवलीकडे गुरं नेणाऱ्याच्या फोनमध्ये ते आहे का? हे प्रश्न हवामान विभागाला विचारायचे नाहीत. ते आपल्यालाच विचारायचे आहेत.

आता पाणी. गुरुजींचा पाढा इथे कामाला येतो.

26 जुलै 2005 चा मंगळवार आपल्यापैकी प्रत्येकाला आठवतो. कोण कुठे अडकलं, कोण रात्रभर चालत आलं, कोण आलंच नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला 73. दोन वेधशाळांत अंतर पंचवीस-सव्वीस किलोमीटर. ‘मुंबईत मुसळधार पाऊस’ हा अंदाज त्या दिवशी कुलाब्यासाठी चढा ठरला असता आणि सांताक्रूझसाठी अर्थहीन. तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. ते नंतर कुलाब्याला आलं, आणि 2022 च्या जानेवारीत दुसरं वेरावलीला. मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. राज्यभरात त्या पावसाने हजाराहून अधिक माणसं नेली.

पण मी तुम्हाला त्या दिवसाची तिथी सांगतो. 21 जुलैला गुरुपौर्णिमा होती. म्हणजे 26 ला वद्य पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. गुरुजींच्या फळ्यावर त्या दिवशी दुपारी पावणेचारची भरती लिहिलेली असती, आणि प्रत्यक्ष भरती चारच्या सुमारालाच होती, साडेचार मीटरच्या आसपासची. पाऊस सगळ्यात जोरात कोसळला तोही दुपारी दोननंतर. वरून पाणी आणि खालून खाडी, दोन्ही एकाच वेळी. मिठी नदीचं पाणी जाणार कुठे?

आपल्या महाप्याची रचना या दृष्टीने पाहा. मागे पारसिकचा डोंगर. पुढे चार-पाच किलोमीटरवर ठाण्याची खाडी. डोंगरावरचं पाणी एमआयडीसीतल्या नाल्यांतून ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वेमार्ग यांच्या खालून कोपरखैरणे-घणसोलीकडे जातं आणि खाडीला मिळतं. डोंगर हिरवा होता तेव्हा तो पाणी काही वेळ धरून ठेवायचा. खाणींनी सोललेला दगड पाणी धरत नाही. सपाटीवर भातखाचरं होती, प्रत्येक खाचर एक लहानसं तळं. आता तिथे काँक्रीट आहे. साधा गुणाकार करून पाहा. शंभर हेक्टरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा कोटी लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. हवामान विभागाच्या भाषेत दिवसाला शंभर मिलिमीटर म्हणजे फक्त ‘जोरदार पाऊस’. ‘अतिजोरदार’ 115.6 पासून पुढे सुरू होतो आणि 204.5 च्या पुढचा त्याहून वरचा.

सिडकोने नवी मुंबई वसवली तेव्हा हे सगळं विचारात घेतलं होतं, हे मला कृतज्ञतेने सांगायला हवं. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या भरतीपातळीखालच्या जमिनीवर शहर उभारायचं ठरलं. त्यासाठी डच पद्धतीचे धारण तलाव केले गेले. भरती आली की खाडीच्या तोंडावरची झडपदारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात. पावसाचं पाणी तलावात थांबून राहतं. ओहोटी लागली की दारं उघडतात आणि तलाव रिकामा होतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी खारबंदिस्तीच्या बांधाला जी उघाडी ठेवली होती, तिचंच हे मोठं रूप. उघाडीची फळी कोण काढणार, कोण लावणार, हे गावात ठरलेलं असायचं. एक रात्र चूक झाली तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी.

धारण तलावाचं गणित एका गोष्टीवर उभं आहे: भरतीच्या तासांत जेवढं पाणी येईल तेवढी जागा तलावात रिकामी हवी. आज तलावांत गाळ साचला आहे आणि त्या गाळात कांदळवन वाढलं आहे. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असलंच पाहिजे. खाडीची मासळी आणि किनारा त्याच्याच जिवावर आहे. पण तलाव उपसल्याशिवाय वस्ती वाचत नाही, हेही तितकंच खरं. हा तिढा न्यायालयं, महापालिका आणि अभ्यासक यांनी एकत्र बसून सोडवायचा आहे. कुणी एकाला खलनायक ठरवून तो सुटणार नाही, असं माझं मत आहे.

आणि हे सगळं उन्हाळ्याच्या व्याख्यानात का? कारण पुराची तारीख आता सरकली आहे. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि सांताक्रूझला चोवीस तासांत 230 मिलिमीटर पाऊस पडला. मे महिन्यात! 2025 साली तर मॉन्सूनच 26 मे ला मुंबईत आला, नेहमीच्या 11 जूनच्या सोळा दिवस आधी. कुलाब्याला त्या मे महिन्यात पडलेला पाऊस 1918 चा विक्रम मोडून गेला. नुकतंच सुरू झालेलं भुयारी मेट्रोचं आचार्य अत्रे चौक स्थानक पाण्याने भरलं. नालेसफाईची मुदत सगळीकडे मेअखेरची असते. पाऊस मुदतीआधी आला. 26 मे ची तिथी वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावास्या. चौदा पाऊणे साडेदहा. सकाळी साडेदहा-अकराच्या पुढे उधाणाची भरती, आणि सकाळपासून कोसळणारा पाऊस. पुन्हा तीच गाठ.

त्याच दिवशी, 26 मे 2025 ला, पुण्याच्या शास्त्रज्ञांनी विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ देशाला अर्पण झाली. आधी बारा किलोमीटरच्या चौकोनासाठी अंदाज निघायचा, आता सहा किलोमीटरच्या. हे फार मोठं काम आहे आणि त्यामागे आपल्या माणसांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. पण सहा किलोमीटरच्या एका चौकोनात पारसिकचा डोंगर, महाप्यातली एमआयडीसी आणि खाडीचा काठ असं सगळं मावतं. त्या चौकोनाच्या आतला हिशेब संगणक करून देणार नाही. कोणता नाला आधी भरतो, कोणत्या कंपनीच्या तळघरात पाणी शिरतं, शीळ रस्त्याचा कोणता उतार बंद करावा लागतो, डोंगराच्या कुशीतल्या कोणत्या पाड्यावर दरडीची भीती आहे, हे फक्त आपल्याला माहीत आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी झोपेत गाडली गेली. अधिकृत यादीतल्या दरडप्रवण गावांत तिचं नाव नव्हतं. आपल्या पाड्यांची नावं कोणत्या यादीत आहेत, ते आपण जाऊन पाहिलं पाहिजे.

मुंबई महापालिका पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी आधी जाहीर करते. हवामान विभाग पावसाचा इशारा देतो. हे दोन्ही आकडे एका फळ्यावर, एकमेकांशेजारी लिहिलेले मी महाप्यातल्या एकाही फाटकावर पाहिलेले नाहीत. नारिंगी इशारा आणि दुपारची साडेचार मीटरची भरती असा मेळ असेल, तर दुपारची पाळी एक वाजता सोडायची की सहा वाजता, याचा निर्णय सकाळी नऊलाच घेता येतो. पण घेणार कोण? कारखान्याचा व्यवस्थापक म्हणतो वरून आदेश नाही. मुकादम म्हणतो साहेबांना विचारा. कामगार म्हणतो हजेरी कापली जाईल.

मला या परिसरातल्या कारखानदारांना हात जोडून सांगायचं आहे. ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येक पाळीत एका माणसाला नावानिशी द्या, आणि त्याने तो वापरला म्हणून कुणाची मजुरी कापू नका. काही इशारे फुकट जातील. काही दुपारी काम थांबवल्यानंतर ऊन तेवढं चढणार नाही, पाऊस पुढे सरकून जाईल. तो खर्च हिशेबात धरा, जसा आगीच्या विम्याचा धरता. आपल्याकडे पाळीचे भोंगे आहेत. एकेकाळी या भोंग्यांवर गावातली घड्याळं लागायची. उन्हाचा आणि पाण्याचा वेगळा सूर ठरवला, तर ज्याच्या फोनला नेट नाही, ज्याला वाचता येत नाही, जो काल संध्याकाळीच बिहारहून किंवा नांदेडहून कामाला आला आहे, त्यालाही तो कळेल.

आमच्या काही निवृत्त मित्रांनी मिळून या वर्षी पाच पर्जन्यमापक घेतले आहेत. साधे आहेत, नरसाळं आणि मापपात्र. एक माझ्या गच्चीवर बसवला आहे, दोन घणसोलीच्या बाजूला, एक कोपरखैरण्यात. पाचवा डोंगराच्या पायथ्याशी, भुतवलीच्या अंगाला हवा आहे. वर झाडाची फांदी नसलेलं अंगण किंवा गच्ची पाहिजे, आणि घरात एक नेमाचा माणूस पाहिजे. वाचन सकाळी साडेआठला घ्यायचं, देशभर वेधशाळा घेतात त्याच वेळी. शेजारी एक फळा आम्ही लावून देऊ. त्यावर पाऊस लिहायचा, तिथी लिहायची, आणि भरतीची वेळ. पाऊणकी येत नसेल तर मी शिकवीन, अर्ध्या तासात येते. ज्यांच्याकडे जागा असेल त्यांनी जाताना दाराशी वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहून जावं.